ताईंच्या आवाजाची किटली

मी एक जुनी, दोन ठिकाणी पोचे आलेली विजेची किटली आहे, मित्रांनो. कुणी माझी कीव करावी म्हणून मी बोलत नाहीये. माझ्या पोटात क्षारांचा थर बसलाय, वायरीला चिकटपट्टी आहे, झाकण एका बाजूने लोंबतं. असू दे. पाणी मी अजूनही उकळते, आणि गप्प राहून उकळणं मला कधी जमलेलं नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. पत्रा कापला, वाकवला, डाग दिला, पॉलिश केलं आणि खोक्यात कोंबलं. तिथली काही आठवण सांगण्यासारखी नाही. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते एका बाईंनी मला दुकानातून उचललं तेव्हा. सगळे त्यांना ताई म्हणत. ताई कार्टूनला आवाज द्यायच्या. पाणमांजराचं एक उनाड पिल्लू होतं, बुडबुड्या नावाचं. दिसायचं ते पडद्यावर, पण बोलायचं ते ताईंच्या गळ्यातून. पन्नाशीला टेकलेली, चष्मा लावणारी बाई माइकसमोर उभी राहिली की सात वर्षांचं कार्टं होऊन जायची.

गळ्याला सारखं कोमट पाणी लागतं म्हणून ताईंनी स्वतःच्या पैशांनी मला आणलं आणि स्टुडिओतल्या कलाकारांच्या खोलीत ठेवलं. खोली कसली, खोपटंच ते. दोन खुर्च्या, एक फाटका सोफा आणि भिंतीला कापूस भरलेल्या गाद्या. तिथे ताईंबरोबर काका असायचे. मालिकेतलं म्हातारं कासव म्हणजे काका. आवाज असा, की विहिरीत दगड पडावा. आणि तिसरी चिमणी. तिचं खरं नाव कुणीच घेत नसे. बेडूक, बदकं, रडणारी बाळं, जत्रेएवढी गर्दी, सगळं ती एकटी करायची. पुराच्या भागात तिने दिवसभर किंकाळ्या मारल्या आणि संध्याकाळी तिच्या तोंडून नुसती हवा येत होती. ताईंनी तिच्या हातात माझ्यातलं पाणी दिलं. ती खुणेनेच म्हणाली, बरं वाटतंय. त्या दिवशी मी स्वतःला राणी समजले होते.

मालिका वाढत गेली. बुडबुड्याचे कंपास आले, चादरी आल्या, दुसऱ्या देशांत तो दिसू लागला. मालिका काढणाऱ्या साहेबांच्या केबिनमध्ये कॉफीचं मोठं मशीन आलं. आमच्या खोलीतला सोफा तोच राहिला आणि तिघांचा मोबदलाही तोच. मग एकदा ताई आपल्या लेकीला घेऊन दुकानात गेल्या. तिथे फळीवर बुडबुड्याची बाहुली होती. लेकीने तिचं पोट दाबलं आणि आतून ताईंचा आवाज आला, "उडी मारू का? मारू का?" ताईंना याचं ना कुणी विचारलं होतं, ना एक पैसा दिला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती बाहुली आणून सोफ्यावर आपटली आणि सगळं सांगितलं. तिघं ताडकन उठून साहेबांकडे गेले.

साहेब दारातच म्हणाले, "ताई, मुलं चित्र बघतात हो. आवाजाला कुठे चेहरा असतो?"

"असं?" ताई म्हणाल्या. "मग पुढचा भाग मुकाच दाखवा."

त्याच पावली त्या परत आल्या, माझी वायर खेचली आणि मला काखेत मारून चालू लागल्या. मागे काका, त्यांच्या मागे चिमणी. काम बंद!

आता मी ताईंच्या स्वयंपाकघरात आले. आठवड्यामागून आठवडे गेले. काका आणि चिमणी दुपारी यायचे, पाणी प्यायचे, हसायचे. पण हसणं दिवसेंदिवस खालच्या पट्टीत जात होतं. काकांचं घरभाडं थकलं होतं. ताईंचंही. चिमणी दुकानात उभी राहून साबणाची जाहिरात ओरडत होती. ताईंची लेक आवाजाचंच काम शोधत दारोदार फिरत होती आणि हात हलवत परत येत होती. लेकीचा आवाज अगदी आईचा. फोनवर तर मावशीसुद्धा फसायची.

एका सकाळी ताई कपडे वाळत घालायला गच्चीवर गेल्या होत्या. लेक भांडी घासत होती, मी तापत होते. ताईंचा फोन ओट्यावर वाजला. लेकीचे हात साबणाने भरलेले. तिने कोपराने फोन सुरू केला आणि स्पीकरवर टाकला.

"हॅलो," ती म्हणाली.

"ताई, साहेब बोलतोय. ऐका, तुमचं एकटीचं दुप्पट करतो. आजच या. त्या दोघांचं सोडा. कासव काय, कुणीही खोकणारा म्हातारा करेल."

लेकीच्या ओठांवर आलं होतं, आई गच्चीवर गेलीय. पण काकांबद्दलचे ते शब्द ऐकले आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. "खोकणारा म्हातारा?" ती म्हणाली. "तुम्हीच खोका त्याच्या जागी. मी येणार नाही. नाही म्हणजे नाही!" आणि तिने फोन बंद केला.

ताई रिकामी बादली घेऊन खाली आल्या. लेकीने हसत हसत सगळं ऐकवलं. ताई हसल्या नाहीत. बादली त्यांनी हळूच खाली ठेवली.

"मला न विचारता माझ्या आवाजात उत्तर दिलंस?"

"आई, तू हेच बोलली असतीस ना!"

"बोलले असते की नसते, ते मी ठरवायचं होतं. बाहुलीच्या पोटात माझा आवाज घालताना त्यांनाही असंच वाटलं असेल. ताईंना काय विचारायचं, त्या हेच बोलल्या असत्या!"

लेकीचा चेहरा पडला. मी उकळून खळखळत होते. माझा खटका खाडकन पडला.

"आणि खरं सांगू?" ताई खुर्चीत बसत म्हणाल्या. "साहेबांचा फोन आला तर आज मी हो म्हणणार होते. भाड्याचा विचार करून रात्रभर डोळा लागला नाही."

लेक जवळ आली. "मग कर फोन. सांग, मघाशी मी बोलले. तू हो म्हणालीस तरी मी काही बोलणार नाही."

ताईंनी फोन उचलला. मग त्यांनी नंबर लावला. "साहेब, मघाशी बोलली ती माझी लेक होती. आता मी बोलते."

मग साहेब खो-खो हसले. "काय सांगता! मला कळलंच नाही! अहो, मग तुमचं काम काय? तिलाच पाठवा. तिला देतो बुडबुड्या, आजपासून."

दारोदार फिरणाऱ्या पोरीला घरबसल्या काम चालून आलं होतं. ताईंनी फोन लेकीपुढे धरला. "काम तुला विचारलंय. उत्तर तू दे. मी मध्ये पडणार नाही."

लेकीने ओले हात सरळ ड्रेसला पुसले. ती बोलली तेव्हा आवाज आईसारखा नव्हता. जरा जड होता, संथ होता. मीसुद्धा तो पहिल्यांदाच ऐकला.

"साहेब, बुडबुड्या माझ्या आईचा आहे. मला काम मागायचं असेल, तेव्हा माझ्या आवाजाचं मागायला येईन."

मग ताईंनी फोन घेतला. "आणि माझं उत्तर लिहून घ्या. तिघांचं एकत्र ठरेल, नाहीतर कुणाचंच नाही. जुने भाग पुन्हा दाखवाल तेव्हा आमचा वाटा. आणि बाहुलीसुद्धा सोडणार नाही."

साहेबांनी फोन आपटला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी नव्या आवाजांची चाचणी लावली. पण तिघांनी काम का बंद केलं, ही गोष्ट स्टुडिओतल्या रेकॉर्डिंगवाल्या दादांनी बाहेर नेली होती. बाहेरच्या आवाजवाल्यांनी ती एकमेकांना सांगितली. चाचणीच्या दिवशी स्टुडिओच्या बाकड्यावर कुणी म्हणजे कुणी बसलं नाही. उलट ते सगळे ताईंच्या स्वयंपाकघरात जमले. कपबशा पुरेनात, वाट्यांतून पाणी प्यायले. माझी तोटी त्या दिवशी थंड झालीच नाही. वायर तापून वास सुटला, तरी मी मागे हटले नाही.

अखेर साहेब नमले. तिघांचा मोबदला एकाच कागदावर वाढला. जुन्या भागांतला वाटाही कबूल झाला. बाहुलीचं मात्र त्यांनी अजून मान्य केलेलं नाही. ताई दर भेटीत तो विषय काढतात, साहेब दर भेटीत घड्याळ बघतात. लेकीला दुसरीकडे काम मिळालं. ती एका चिडक्या राक्षसिणीला आवाज देते, तिच्या त्या जड, संथ आवाजात.

मला परत स्टुडिओत आणलं, पण शेजारी आता साहेबांनी पाठवलेली चकचकीत नवी किटली आहे. लोक तिच्याकडेच वळतात. माझ्यावर धूळ बसते. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू?

मित्रांनो, वस्तू घासूनपुसून ठेवा, वायर ओढून काढू नका, रिकामी किटली तापवू नका. हे तर मी सांगणारच. पण माणसाच्या गळ्याला त्याहून जास्त जपा. प्रेमापोटीसुद्धा कुणाच्या वतीने परस्पर बोलू नका, आधी विचारा. आणि तुम्हाला न विचारता कुणी तुमचा होकार देऊन टाकला, तर घाबरू नका. सरळ पुढे या आणि स्वतःच्या तोंडाने नाही म्हणा.

मला भंगारात द्यायचं कुणाच्या मनात असेल, तर मलाही आधी विचारा. उत्तर मी उकळून देईन.