हिरवी चौकट

बबितानं टॅब ओढणीच्या टोकानं पुसला, त्यावर एक फुंकर मारली आणि परत पुसला. पण काचेवरची तांबडी ओळ काही हलेना. 'हात दिसत नाही.' एकाखाली एक दहा चित्रं होती, दहा बायांच्या कपाळावरच्या कॅमेऱ्यांतून थेट येणारी, आणि दहाही चित्रांवर तीच ओळ. कपाशीची पऱ्हाटी दिसत होती, फुटलेली बोंडं दिसत होती. ज्या हातांसाठी हा सगळा खटाटोप होता, तेवढे हातच काय ते यंत्राला सापडत नव्हते.

मागे निकिता मॅडम उभ्या होत्या. बंगलोरच्या गुंतवणूक कंपनीतून पहाटेच्या विमानानं नागपूर, तिथून गाडीनं यवतमाळवरून दारव्ह्याजवळच्या या बंजारा तांड्यावर. पँटला कुसळं चिकटली होती, पण बाई कुरकुर करणारी दिसत नव्हती.

"नेटवर्क नाहीये का?" तिनं विचारलं.

"नेटवर्क फुल हाय मॅडम. आजच काहून असं करून राह्यलं, देव जाणे."

पण देवाला मध्ये घ्यायचं कारण नव्हतं. बबितानं मान वर करून शेताकडे पाहिलं आणि भानगड तिथंच दिसली. रोज विटक्या साड्यांत वेचणाऱ्या बाया आज आज्यांच्या पेट्या उपसून आल्या होत्या. घागरे, आरसे जडवलेल्या कांचळ्या, बोटाबोटांत चांदीच्या अंगठ्या, आणि मनगटापासून पार खांद्यापर्यंत पांढऱ्या बांगड्यांचा चुडो. डिसेंबरचं स्वच्छ ऊन त्या आरशांवर पडून असं काही लखलखत होतं की माणसाचेच डोळे दिपावेत, तिथं कॅमेऱ्याची काय कथा!

आणि चूक कोणाची? तिचीच. सेवालाल महाराजांच्या ओट्यावर चार दिवसांपूर्वी तिनंच सगळ्यांना बजावलं होतं, "मोठी पाहुणी येनार हाय. तांड्याचं नाव जाऊ देऊ नका." तांड्यावर पाहुणी येते तेव्हा बाया काय करतात, हे इथंच जन्मलेल्या पोरीला आठवू नये म्हणजे कमालच झाली. पाच वर्षं पुण्याच्या कॉल सेंटरात काढली की माणूस असा धुऊन निघतो.

दोन वर्षांपूर्वी तिचा बाप, पूनमसिंग, गेला. घरी आई, सुखीबाई, एकटी उरली, म्हणून बबिता नोकरी सोडून परत आली. इंटरनेटवर शोधता शोधता तिला हा प्रकल्प सापडला. जगभरची माणसं आपल्या हातांचं काम कॅमेऱ्यात टिपून पाठवतात आणि त्यावरून यंत्रमानव शिकतात. मालक कोणी एक नाही; जो शिकवील त्याला क्रिप्टोतलं टोकन, आणि पुढच्या प्रत्येक निर्णयात मत. तांड्यातल्या बायांना टोकन म्हणजे जिनिंगच्या फाटकावर कापसाच्या गाड्यांना मिळतं तेवढंच ठाऊक. त्या पोट धरधरून हसल्या होत्या. तरी अकरा जणी तयार झाल्या, आणि कापूस वेचण्याचं देशातलं पहिलं केंद्र इथं उभं राहिलं.

आता अशा प्रकल्पांत पैसा घालायला मोठे लोक पुढे येत होते, पण ताकही फुंकून पीत होते. कुठल्याशा केंद्रानं एकच चित्रण दहा नावांनी खपवलं होतं म्हणे. म्हणून निकिता मॅडम स्वतः आल्या होत्या. नोंदवलेले हात डोळ्यांसमोर काम करताना दिसले, तर केंद्र दोन वर्षं पक्कं. नाही दिसले, तर कॅमेरे खोक्यात भरून परत, आणि बबिता परत पुण्याला. याडीला एकटं टाकून. आईला ती याडी म्हणायची.

"मला साडेबाराला निघावं लागेल," निकिता घड्याळाकडे बघत म्हणाली. आवाज मऊ होता, पण साडेबारा म्हणजे साडेबारा.

बबिता धावतच ओळीत शिरली.

"काकी, आरसे चमकून राह्यले. हात दिसून नाही राह्यले. त्या बांगड्या जरा काढा बरं..."

शब्द तोंडातून गेला आणि तिनं जीभ चावली. वेचणारे वीसही हात जागच्या जागी थांबले. तांड्याच्या प्रमुखाची, हिरासिंग नायकाची, बायको सोनीबाई सावकाश ताठ झाली.

"काय म्हनलं तू? चुडो काढू? नवरा जिता हाय माहा, बबिते. तिकडं घरी बसून च्या पिऊन राह्यला."

"चुकलं काकी. माह्या मनात तसं नोतं."

"मनात नोतं तं तोंडात कायले आलं?"

घरी जाऊन कपडे बदलून यायला तास गेला असता, आणि एकदा हातात चढलेला चुडो नवरा जिवंत असताना कुठं उतरणार होता? बबिता स्वतः वेचायला वाकली असती, पण नोंद या अकरा जणींच्या हातांची होती. तिचा हात यंत्राला परका.

अकरा.

तिनं नकळत पार तिकडल्या धुऱ्याकडे, शेताच्या बांधाकडे, पाहिलं. बाभळीच्या सावलीलगत सुखीबाई एकटी वेचत होती. सकाळी बबिता किती मागे लागली होती, याडी, तू बी चाल पाहुणीले ओवाळाले. "मी कायले तिथं?" एवढंच म्हणून सुखीबाईनं भाकर फडक्यात बांधली होती. नवरा गेला त्या दिवशी तिचा चुडो उतरला. शुभकार्यात पुढे येऊ नको असं तिला कोणी म्हणालं नव्हतं. तिचीच ती मागे सरकली होती, लग्नात, बारशात, आणि आज पाहुणीच्या स्वागतातही.

आईच्या ज्या दंडांकडे बघायला तिचंच काळीज धजत नव्हतं, तेच आता पाहुणीसमोर मांडायचे? पण वेळ कुठं होता? ती धुऱ्यापर्यंत गेली.

"याडी, कॅमेरा बांध."

"त्यायचे दहा हायेत न."

"त्यायचे हात दिसून नाही राह्यले. बांगड्यायनं." तिनं अकराव्या कॅमेऱ्याचा पट्टा पुढे केला.

सुखीबाईनं लेकीच्या तोंडाकडे पाहिलं, मग स्वतःच्या उघड्या दंडांकडे. पदर खोचला.

"इकडं आन," ती म्हणाली. "पट्टा घट्ट बांधजो. मांगच्या खेपेले घसरला होता."

टॅबवर अकरावं चित्र उघडलं. काळपट, भेगाळलेले दोन हात आले आणि क्षणात प्रत्येक हाताभोवती हिरवी चौकट उमटली. 'हात ओळखला.' मागोमाग आलेल्या निकितानंही ते वाकून पाहिलं.

मग सुखीबाई पदराच्या वटीत कापूस वेचू लागली. दोन्ही हात दोन झाडांवर, बघायचं तिसऱ्याकडेच. बोंडात धागा राहत नव्हता आणि कापसाला काडी लागत नव्हती. निकिता टॅब सोडून तिच्या मागोमाग चालू लागली.

"मावशी, हे बोंड का सोडलं?"

"ओलं हाय. बोटाले समजते. दुपारून सुकन, तवा घेईन."

"उद्या हे सगळं यंत्र करायला लागलं तर वाईट नाही वाटणार?"

सुखीबाई हसली. "वाईट कायचं? माह्या आईनं मले शिकवलं. हे पोरगी," तिनं बबिताकडे हनुवटी केली, "इले धड वेचता येत नाही. मंग मी कोनाले शिकवू? ते शिकते तं शिकू द्या. फकस्त म्हना त्याले, डागी कापूस अन् पांढरा कापूस एका वटीत टाकू नोको. अन् त्याले कोनाच्या वावरात धाडाचं, ते आम्हाले इचारून धाडा."

"ते मत तुमचंच आहे," निकिता म्हणाली. मग बबिताकडे वळून म्हणाली, "मी होकार देते. दोन वर्षांसाठी. पण चित्रणावर शिकवणारीचं नाव दिसलं पाहिजे, नुसता नंबर नको."

बबिताला हसू आणि रडू एकदमच आलं. तिनं दोन्ही ओढणीत लपवलं.

सव्वाबाराला धुऱ्यावर सगळ्या जमल्या. निघत्या पाहुणीला कुंकू लावून, नारळ देऊन वाटेला लावायचं, आणि तो मान नायकाच्या बायकोचा. सोनीबाईनं ताट उचललं. सुखीबाई सवयीनं चार पावलं मागे, बाभळीखाली जाऊन उभी राहिली.

सोनीबाई ताट घेऊन निघाली ती निकिताच्या समोरून सरळ पुढे गेली. बाभळीपाशी थांबली.

"घे."

"मी?" सुखीबाईनं हात मागे नेले. "अवं, मले कुठं..."

"घे म्हनते न! आमचे दहा जणीचे दिसलेच नाही. तुहेच हात पायले तिनं."

निकितानं कपाळावरचे केस बाजूला केले आणि ती वाट बघत उभी राहिली. सुखीबाईनं हात पदराला पुसले, एकदा पुसले, परत पुसले. दोन वर्षांत तिनं कुंकवाच्या करंड्याला बोट लावलं नव्हतं.

तिच्या कपाळावरचा कॅमेरा काढायचं कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. बबिताच्या हातातल्या टॅबवर भेगाळलेलं एक बोट कुंकवात बुडालं, वर आलं, आणि त्याच्याभोवती हिरवी चौकट उमटली.