गिरिधररावांच्या गाडीला पान्हा फुटतो

अष्टमीच्या सकाळी जुनी शुक्रवारीतल्या त्या गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. बायका ओटीचं सामान घेऊन उभ्या होत्या, पुरुषांचे मोबाइल उंच धरलेले, आणि मधोमध झेंडूच्या माळांखाली गिरिधरराव पुराणिकांची पांढरी फियाट. वडिलांनी सदुसष्ट साली घेतलेली. चार दिवसांपूर्वीपर्यंत ती पेट्रोल पीत होती. आता ती दूध देत होती.

दूध दिसत होतं, हे खोटं नाही. मठातल्या भैय्याजी महाराजांनी बॉनेट उघडलं, इंजिनाच्या तेलाचं झाकण फिरवलं आणि आतली दाट, पिवळसर साय चांदीच्या चमच्यावर काढून गर्दीला दाखवली. हळदीचा वास पहिल्या रांगेपर्यंत आला.

"लोखंडाला पान्हा फुटला," महाराज म्हणाले. "शोरूमच्या नव्या गाडीत आई बसत नाही. तिला जुनं, पुण्यवान इंजिन लागतं."

पुण्यवान इंजिन कसं ओळखायचं, हे कोणी विचारलं नाही. माना मात्र भराभर डोलल्या.

गिरिधररावांनीही विचारलं नाही. सरकारी कचेरीत पस्तीस वर्षं वाचल्याशिवाय कुठल्या कागदावर सही न केलेला हा माणूस चार दिवस मुकाट होता, आणि त्याचं कारण दारात खुर्चीवर बसलेलं होतं. त्यांच्या पत्नी प्रेमिलाबाईंच्या दोन्ही किडन्या निकामी झालेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. दिवसभरात एक लिटर पाणी, तेही बाटलीवर खुणा करून घोट घोट प्यायचं. आज अकराला त्यांचा नंबर होता. पण महाराजांचा हुकूम होता की आज दवाखाना नाही; या दुधाचे तीन चमचे पोटात गेले की किडन्या पूर्ववत. मग गाडी मठात द्यायची, कारण देवीचं वाहन संसारी घरात ठेवत नाहीत. साडेदहा वाजून गेले होते. रिक्षा कोपऱ्यावर उभी होती.

हे सुरू झालं ते दसऱ्याच्या तयारीतून. पूजेआधी सर्व्हिसिंग करावं म्हणून गाडी चेतनच्या गॅरेजात दिली होती. रेडिएटर थोडं गळत होतं. आता थेंब पडणार नाही काका, असं सांगून चेतनने संध्याकाळी गाडी दिली आणि खरंच थेंब पडला नाही. पण घरी येईपर्यंत तापमानाचा काटा लाल रेघेवर गेला, बॉनेटमधून वाफ आली. सकाळी गिरिधररावांनी वडिलांच्या शिस्तीने तेल मोजायची पट्टी बाहेर काढली, तर पट्टीला साय. चेतनला बोलावलं. त्याने पाहिलं, त्याचा चेहरा उतरला, तो बाजूला जाऊन कोणाशी तरी फोनवर बोलला, आणि तासाभरात महाराज हजर झाले. तेव्हापासून रोज सकाळी रेडिएटरमध्ये तांब्याभर गंगाजलाचं अर्घ्य आणि आरतीला दहा मिनिटं इंजिन चालू. दूध वाढत गेलं, तशी गर्दीही.

"यजमानानं आपल्या हातानं पाजायचं," महाराजांनी चमचा गिरिधररावांच्या हाती दिला. ते खुर्चीकडे वळले. खोटं असेल, असं त्यांना वाटत होतं. खरं असेल तर, असंही वाटत होतं, आणि हे दुसरं वाटणं फार जड होतं.

तेवढ्यात शेजारचे श्रावण धकाते गर्दीतून वाट काढत पुढे आले. घरचे माग बंद पडल्यावर त्यांनी खापरखेड्याच्या वीज केंद्रात तीस वर्षं टर्बाइन सांभाळलं होतं. चार दिवस ते भिवापूरला लेकीकडे होते. आत्ताच आलेले, खांद्यावर पिशवी तशीच. गळतीची आणि अर्घ्याची हकीकत त्यांनी कोणाकडून तरी ऐकली, गुडघे टेकून गाडीखाली पाहिलं आणि उठले.

"गिरिधरराव, खाली फरशी कोरडी हाय. वरून रोज तांब्याभर पाणी जाऊन राहिलं. मंग ते पाणी जाते कुठं?"

चार दिवसांत गल्लीत विचारला गेलेला हा पहिला प्रश्न. गिरिधररावांचा हात थांबला.

"आई प्राशन करते," महाराज म्हणाले.

"आमच्या टर्बाइनच्या तेलात पाणी शिरलं की तेल असंच दुधावानी होये. आम्ही आरती नाही केली. मशीन बंद केली."

"तुमच्या टर्बाइनला हळदीचा वास येत होता का?" महाराजांनी विचारलं, आणि गर्दी हसली. मागून कोणीतरी म्हाताऱ्याला बाहेर काढा म्हणालं. दोघे पुढे सरसावलेही.

प्रेमिलाबाईंनी खुर्चीवरूनच नवऱ्याचं मनगट धरलं.

"महाराज, आधी तुम्ही घ्या."

"आमचा उपवास आहे, माते."

"उपासाले दूध चालते नं?"

हसणं थांबलं. पुढच्या बायका महाराजांच्या तोंडाकडे पाहू लागल्या. चमचा त्यांच्यापुढे आला तसे ते पाऊलभर मागे सरले.

धकात्यांनी कोणाला बोल लावला नाही. त्यांनी घरातून काचेची बरणी, गरम पाणी आणि हळदीचा डबा मागवला. डिकीतल्या डब्यातलं नवं इंजिन तेल बरणीत ओतलं, गरम पाणी आणि चिमूटभर हळद घातली, झाकण लावून बरणी जोरात हलवली. दोन मिनिटांत आत दाट, पिवळसर साय. तोच रंग, तोच वास.

"आता बरणीले ओटी भरा," ते म्हणाले, आणि गर्दीच्या कडेला उभ्या असलेल्या चेतनकडे वळले. "तू सांग गा. गळती कशानं बंद केली?"

चेतन जमिनीकडे पाहत म्हणाला, "हळदीनं. सारेच टाकतात."

खरंच सारेच टाकतात. गळक्या रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकली की ती फुगून भोक बुजवते. पण चेतनने अर्धा डबा रिकामा केला होता. भोकाबरोबर रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजल्या, पाणी फिरेना, इंजिन तापलं आणि तेल नि पाणी वेगळं ठेवणारी गॅस्केट फाटली. हळदीचं पाणी तेलात शिरलं. नुकसान भरून द्यावं लागेल म्हणून चेतन घाबरला, आणि पुढचं मी सांभाळतो, असं महाराज म्हणाले. सांभाळण्याची बिदागी म्हणजे गाडी.

"ह्या पाण्यात कूलंट बी हाय, इंजिन थंड ठेवाचं जहरी रसायन," श्रावण हळूच म्हणाले. "धडधाकट माणसाच्या किडन्या घेते ते. वहिनी तर..."

गिरिधररावांनी हातातल्या चमच्याकडे पाहिलं. तो त्यांनीच बायकोसाठी धरला होता, स्वतःच्या हाताने. लोक महाराजांना शोधू लागले तेव्हा महाराज गल्लीच्या टोकाला पोचले होते, उपाशीपोटी माणूस पळतो त्याहून बऱ्याच वेगाने.

अकराला पाच कमी असताना रिक्षा निघाली. गिरिधरराव बायकोशेजारी बसले होते, तिचा हात घट्ट धरून. ते रडत होते आणि ते लपवत नव्हते. प्रेमिलाबाईंनी बाटलीवरची खूण पाहून एक घोट पाणी घेतलं.

फियाटचं इंजिन उघडून नीट करता येईल. माणसाचं तसं नसतं. तुमच्या गल्लीत उद्या लोखंडाला पान्हा फुटला तर जरूर पाहायला जा. फक्त हात जोडण्याआधी विचारा की यात काय टाकलं होतं आणि ते गेलं कुठं. आणि पहिला चमचा, जो चमचा भरतो त्यालाच पिऊ द्या.