रस्त्यावरचा चोथा

थाओ म्हातारीने काठीने निळ्या पिंपाचं झाकण उडवलं. आंबूस वाफ तोंडावर आली तशी ती खोकली, आणि खोकला थांबायच्या आत ओरडायलाही लागली.

"काढ्याच्या कारखान्यातला चोथा! हजार रोग्यांचं दुखणं आणून माझ्या शेतात ओततेस?"

"आई, हा कुणा रोग्याच्या घरचा नाही," सून शियुपिंग म्हणाली. "यात चांगले जीवाणू सोडलेत. चोथा खाऊन ते कोट्यवधींनी वाढतात आणि शेतात गेले की मुळं कुजवणाऱ्या बुरशीला हुसकून लावतात."

"जीवाणू सोडलेत म्हणे! अक्कल कुठे सोडलीस?"

म्हातारीचा राग खोटा नव्हता. काढ्याचा चोथा रस्त्यावर टाकायचा, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी तो तुडवायचा आणि दुखणं त्यांच्या पायांबरोबर गावाबाहेर जायचं, ही आमच्याकडची पिढीजात रीत. तो चोथा उलट घरी आणणारी सून तिने पहिल्यांदाच पाहिली होती. पण शेतातल्या सानछीची औषधी मुळं सलग दोन हंगाम कुजली होती. यंदाही कुजली, तर शियुपिंग शेत सोडून नवऱ्यामागे शहरात जाणार, हे दोघींनाही ठाऊक होतं.

संध्याकाळी म्हातारी स्वतःच्या काढ्याच्या चोथ्याचं मातीचं भांडं घेऊन चौरस्त्यावर गेली. कालचा चोथा तसाच पडला होता, परवाचाही. नव्या डांबरी रस्त्यावरून एक ट्रक गेला, मग एक मोटारसायकल. पायी कुणीच आलं नाही. पायी चालणारी माणसं केव्हाच शहरात कामाला गेली होती.

"मेल्यांनो, आता माणसाने दुखणं टाकायचं तरी कुठे?" ती रिकाम्या रस्त्यावर खेकसली. खोकल्याची उबळ आली तशी मैलाच्या दगडाला धरून थोडा वेळ उभी राहिली.

ती परतली ते भरलेलं भांडं घेऊनच. अंगणात शियुपिंग पिंप ढवळत होती. तिच्याकडे न बघता म्हातारीने भांडं पिंपात उपडं केलं.

"आई! हे काय?"

"रस्त्याला पाय उरले नाहीत," म्हातारी फणकारली. "तुझ्या पिंपात कोट्यवधी जीव आहेत ना? नेऊ देत त्यांना माझं दुखणं."

शियुपिंगने तो चोथा काठीने आत दाबला. मग पुन्हा ढवळू लागली.

"असं ढवळतात होय?" म्हातारीने तिच्या हातातली काठी हिसकावली. "सर बाजूला. तळापासून घ्यावं लागतं."