ताडीचा पेला

“गाडी पुढं घ्या बाई, इथं खिळे पडलेत,” ओक्वुदिली टायरवरून मान न उचलता म्हणाला.

“मी उझोआमाका.”

एनुगू शहराच्या या नाक्यावर तो पंक्चर काढतो आणि शेजारी मी चवळीची भजी तळते, त्याला बावीस वर्षं झाली. त्याच्या हातून पाना पडलेला मी पहिल्यांदाच पाहिला. त्याची बायको चार वर्षांच्या लेकीला घेऊन अबुजाच्या एका बड्या कंत्राटदाराकडे निघून गेली होती. त्या कंत्राटदारानंच पोरीला वकील केलं. तीच ही, हातात ताडीचा घडा आणि पायात पांढरे बूट. मी माझं स्टूल पुसून दिलं, पण ती बसली नाही.

“शनिवारी माझं लग्न आहे. मुलाकडचे म्हातारे अडून बसलेत. रक्ताच्या बापानं ताडी प्यायल्याशिवाय लग्न मानणार नाहीत म्हणे.”

“मग येतो की शनिवारी!” त्याचा चेहरा असा खुलला की मला बघवेना.

“नको. तिथं डॅडी बसतील. तुम्ही आत्ताच प्या. ड्रायव्हर व्हिडिओ काढेल, तेवढा म्हाताऱ्यांना दाखवला की झालं.”

“मी मागं बसेन. वाढप्यांत.”

“आईला चालणार नाही.”

“अगं, निदान जेवायला तरी बोलाव बापाला!” मला राहवलं नाही.

“तू गप गं, ओबियागेली,” तो माझ्यावरच खेकसला.

त्यानं नाही म्हटलं असतं तर लग्न अडलं असतं. नाहीच म्हणावं, असं मला मनापासून वाटत होतं. त्यानं मात्र साबणानं दोनदा हात धुतले आणि आपला पत्र्याचा पेला भरला. आमच्याकडं लग्नात बाप पिण्याआधी लेकीला तीनदा विचारतो.

“ही ताडी पिऊ का?”

“प्या.”

“पिऊ? उद्या लग्न मोडून ती ओकायला नाही ना लावणार?”

“नाही. प्या.”

“पिऊ ना, माये?”

लहानपणी तो तिला माये म्हणायचा. तिनं नुसती मान हलवली.

“मॅडम, बोलावं लागेल,” मोबाइल धरलेला ड्रायव्हर म्हणाला.

“प्या, बाबा.”

ते मोबाइलसाठी होतं की त्याच्यासाठी, देव जाणे. त्यानं एका दमात पेला रिकामा केला, पुन्हा भरला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरला. “जा, आता गर्दीतून शोध तुझ्या नवऱ्याला, आणि हा त्याला दे.”

ती पेला घेऊन वळली आणि थबकली. गर्दी म्हणजे ड्रायव्हर आणि मी. नवरा मुलगा अबुजात होता. ती पेल्यासकट गाडीत बसली.

“सांडू नये म्हणून हळू चालवतोय बघ,” ओक्वुदिली हात हलवत म्हणाला.

वळणावर काच खाली झाली. हात बाहेर आला आणि पेला पालथा झाला.

“पोचेल ना गं पेला तिथवर?” त्यानं विचारलं. डोळे इतके भरले होते की त्याला काहीच दिसलं नव्हतं.

“पोचेल,” मी म्हणाले.