मांडीवर पोर नाही म्हणून

धाकट्या सुनेचं पोर मेलेलंच जन्मलं, आणि दुसऱ्या दिवशी सासूनं, बायाक्कानं, मनुबाईला दारातूनच परत लावून दिलं. मनुबाई वडगावातल्या विणकरांच्या बाळंतिणींना तेल चोळून न्हाऊ घालायची. तिला बायाक्का म्हणाली, “मांडीवर पोर न्हाय, मग तेल कुणासाठी?”

थोरली सून अंजनी तेव्हा मागाच्या कांड्यांवर सूत भरत होती. तिचं टाळकंच फिरलं. तेल काय पोराच्या मालकीचं होतं? नऊ महिने ओझं वाहिलं धाकट्या जावेनं, कळा सोसल्या तिनं, आणि तिच्या अंगाला मात्र कुणी वालीच नाही!

धाकटी जयवंता भिंतीकडे तोंड करून पडून असायची. घास गिळेना, बोलेना. मधूनच छाती धडधडायची आणि पदर मुठीत आवळून ती थरथरायची. सासूनं ठरवून टाकलं, हे बाहेरचं आहे. कंग्राळीच्या मष्णूला निरोप गेला. तो तापल्या विळ्यानं पोटावर डाग द्यायचा, म्हणजे बाधा पळते म्हणे. बाधेचं देव जाणे, कातडी जळणार हे नक्की.

मष्णू यायच्या दिवशी सकाळी अंजनीनं गोडं तेल गरम केलं. लढाईचे दिवस, तेल मुश्किलीनं मिळायचं; तिनं होतं तेवढं सगळं घेतलं, जावेच्या खोलीत शिरली आणि आतून कडी घातली.

आधी तळपाय चोळले. मग पोटऱ्या, कंबर, पाठ. जयवंताचं अंग लाकडासारखं ताठ. अंजनी रागारागानं चोळत होती, पण हात हलका ठेवून. शेवटी रिकाम्या, सैल पोटावर तळवा फिरला तशी जयवंतानं तिचं मनगट घट्ट धरलं.

तेवढ्यात दारावर थापा पडल्या. “अंजने, दार उघड! मष्णू आलाय!”

“त्याला म्हणावं, इळा घिऊन गवात काप जा!”

आणि जयवंता ताडकन उठून बसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज फुटला, तो दाराच्या दिशेनं.

“आत्याबाई! माझं पोर मला दावलं बी न्हाईसा तुम्ही! पोरगं हुतं का पोरगी?”

बायाक्कानं दाराच्या फटीला तोंड लावलं.

“गप कर तिला, अंजनी,” बायाक्का दबक्या आवाजात म्हणाली, “समदी गल्ली ऐकतीया.”

“ऐकू द्या. सांगा तिला.”

मग दाराआडून आलं, “पोरगी हुती.”

“मग माझ्या हातात का न्हाय दिलीसा? एकदा तरी द्यायची हुती!”

जयवंता आता थांबेना. ती ओरडत होती, रडत होती, आणि अंजनी तिची पाठ चोळत सांगत होती, “आजून बोल. मोठ्यानं बोल.”