ताकदीची डबी

माझा जावई संघपाल याने आपल्या पिकअप ट्रकच्या इंजिनाला ताकद वाढवणारी एक काळी डबी लावली होती. ती विकणारा जयेश त्याचा जिवलग मित्र. गाझियाबादच्या त्यांच्या गटातल्या बाकीच्या मराठी पिकअपवाल्यांनीही संघपालच्या शब्दावर तीच डबी घेतली. डबीचं सील तोडलं की गॅरंटी संपायची, त्यामुळे कुणी आत डोकावलं नव्हतं.

"बाबा, गाडी कसली ओढते बघा!" संघपाल म्हणायचा. मलाही तसं वाटलं होतं. पण माझ्या वाटण्याचा काय भरवसा?

मग बॉनेटखालच्या उष्णतेने डबी तडकली. आत एका लुकलुकणाऱ्या दिव्याखेरीज काहीच नव्हतं.

रविवारी पानिपतच्या रस्त्यावरच्या ढाब्यावर सगळे जमले. मीही सोबत होतो. संघपालने ती डबी जयेशसमोर धरली.

"यार, गाडी उडते असं तूच सांगत फिरत होतास ना?" जयेश हसला.

"तू दिलीस म्हणून." संघपाल म्हणाला. तो मित्रांकडे वळला. "तुमच्याही उघडून बघा. आत्ताच."

कुणी जागचं हललं नाही.

"तुझाच पीस खराब असेल," त्यांच्यातला अमोल म्हणाला. "माझी तर बिल्कुल मस्त पळते."

"आणि गॅरंटी कशाला घालवायची?" दुसरा म्हणाला.

जयेशने सगळ्यांना चहा मागवला आणि सगळ्यांनी तो घेतला. संघपाल माझ्याकडे बघत होता. मी शब्द जुळवत राहिलो, तोवर जयेशच्या मागोमाग सगळ्या गाड्या निघून गेल्या होत्या.