उभ्या गाडीतला एसी

व्हर्ना टॅकेट दातांच्या डॉक्टरकडे रिसेप्शनवर बसायची. तारखा देण्यात तिचा हात धरणारं अख्ख्या फार्मिंग्टन गावात कोणी नव्हतं. कोणाची दाढ खरंच ठणकतेय आणि कोण लवकरच्या तारखेसाठी नुसता कण्हतोय, हे तिला फोनवर आवाजावरून कळायचं. पण आर्चेस राष्ट्रीय उद्यानाच्या आत तंबू ठोकायला जागा मिळवायची म्हटल्यावर तिलाही घाम फुटला. जागा सहा महिने आधी खुल्या होतात, आणि कपात ओतलेली कॉफी तोंडाला लावेपर्यंत संपतात. वाळवंटात काही नसतं म्हणणाऱ्यानं एकदा जूनमध्ये तिथं जावं. सगळा देश तिथंच असतो. आपल्या गाड्या, गाड्यांच्या टपावरच्या सायकली आणि रडणारी पोरं घेऊन.

तरी डिसेंबरात तिनं दोन जागा पटकावल्या. दोन्ही आपल्याच नावावर लावल्या तर कुठंतरी अडेल, म्हणून एक स्वतःच्या नावावर घेतली आणि एक नवऱ्याच्या, ऑरिनच्या. पहिली त्या दोघांसाठी. दुसरी मुलासाठी, म्हणजे गॅरेट, त्याची बायको आणि नात हेझेल यांच्यासाठी.

ही दुसरी जागा म्हणजे साधी जागा नव्हती. गॅरेट चार वर्षं घरी आला नव्हता.

चार वर्षांपूर्वी याच आर्चेसच्या फाटकासमोर सगळे ऑरिनच्या पिकअपमध्ये बसले होते. गाड्यांची रांग पार खाली हायवेपर्यंत गेलेली. ऊन असं, की पत्र्याला हात लावला तर कातडं सोलावं. आणि ऑरिननं एसी बंद केला. त्या मुलखातल्या जुन्या माणसांची ही सवयच. मोठ्या चढाच्या पायथ्याशी तर पाट्याच असतात, की एसी बंद करा, इंजिन तापेल. ऑरिनच्या बापानं चढाचा नियम रांगेलाही लावला होता आणि बापाचा नियम ऑरिननं जसाच्या तसा उचलला होता. उभ्या गाडीत एसी लावला की इंजिन उकळतं, संपलं. "बाबा, लावा ना," गॅरेट दोनदा म्हणाला, तिसऱ्यांदा ओरडला. "उकळलं तर तू ढकलणार आहेस का?" असं म्हणून ऑरिननं खिडकी आणखी खाली केली. बाहेरून भट्टीचा वारा आत आला. हेझेल तेव्हा चार वर्षांची. आधी ती बोलायची थांबली. मग ओकली. मग तिचे डोळे वर गेले. फाटकावरची रेंजर बाई बर्फाची पिशवी घेऊन धावत आली, पोरीला सावलीत निजवलं, म्हणून निभावलं. पोर डोळे उघडून पाणी मागायला लागली तशी गॅरेटनं तिला खांद्यावर घेतलं, बायकोला हाक मारली आणि रांगेतल्या परक्या माणसाच्या थंड गाडीत जाऊन बसला. मागं वळूनही पाहिलं नाही.

त्यावर ऑरिनचं एकच वाक्य होतं. नाताळला म्हटलं, ईस्टरला म्हटलं, शेजाऱ्यांनी विचारलं तरी म्हटलं: "पोरगी बरी आहे ना? इंजिन उकळलं असतं तर सगळेच अडकलो असतो." चार वर्षांत या वाक्यातला एक शब्द झिजला नाही.

म्हणून डिसेंबरात व्हर्नानं भीत भीत विचारलं आणि गॅरेट हो म्हणाला, तेव्हा तिनं फोन ठेवून आधी खुर्ची गाठली. "आतली जागा मिळाली तर येतो," तो म्हणाला होता. "आत मुक्काम असला की संध्याकाळी, रांग ओसरल्यावर शिरायचं आणि निघेपर्यंत फाटकाचं तोंड बघायचं नाही. हेझेलला मी त्या रांगेत बसवणार नाही, आई. आणि तंबू वेगळा, जागा वेगळी. बाबांच्या शेगडीला आम्ही येणार नाही. हेझेलला वाटलं तर ती येईल."

व्हर्नाला एवढं पुष्कळ होतं. दोन जागांमधल्या वाटेवरून पोर एकदा इकडून तिकडं गेली, की मोठ्यांचे पाय आपोआप मागून येतात असा तिचा अंदाज होता.

जून उजाडला. निघायला आठवडा उरला तेव्हा कागद छापून घ्यावेत म्हणून तिनं बुकिंग उघडलं. तिची जागा होती. ऑरिनच्या नावावरची नव्हती.

ऑरिन टेबलाशी हिरव्या मिरचीचं कालवण खात होता.

"ऑरिन, दुसरी जागा कुठं गेली?"

"कुठली जागा?"

"तुझ्या नावावरची."

"ती होय. मेल आला होता. दोन दोन जागा दिसल्या. म्हटलं तुझ्या हातून दोनदा दाबलं गेलं असेल. केली रद्द."

"तू रद्द केलीस?"

"सोपं असतं की. बटण असतं."

"रक्ताचा रिपोर्ट आला तर मला वाचायला लावतोस. बँकेचा मेल आला तर मला. आणि हा एक बरोब्बर उघडता आला?"

"पैसे वाचवले तर त्याचंही भांडण."

"दंड कापलाय त्यांनी! आणि ती जागा कोणाची होती ते तुला माहीत होतं."

ऑरिननं टॉर्टियाचा तुकडा मोडला, वाटीच्या कडेनं गोल फिरवला आणि तोंडात टाकला. त्यानं सगळं आयुष्य गॅसच्या विहिरींवर फेऱ्या मारण्यात घालवलं होतं. एखाद्या विहिरीचा दाब वाढल्याची नुसती शंका आली तरी व्हॉल्व्ह बंद करायचा आणि घरी यायचं. पुढचं दुसऱ्या दिवशी. व्हर्ना त्याच्या हाताकडं बघत राहिली. हा हात कसा फिरला असेल ते तिला न सांगता दिसलं.

"तो येईल, शेगडीपलीकडं बसून माझ्याकडं बघेल," ऑरिन शेवटी वाटीला उद्देशून म्हणाला. "काय बोलायचं असतं मग?"

ती उठली. उत्तर दिलं असतं तर वाटी फुटली असती.

दुसऱ्या दिवशी कामावर ती पेशंट सोडून फोनकडंच बघत होती. कोणीतरी कुठंतरी बेत बदलेल, कोणाच्या पोराला कांजिण्या येतील, एक जागा सुटेल. परक्या पोरांना कांजिण्या याव्यात म्हणून मनात मागणं करताना तिला थोडी लाज वाटली, पण फार नाही. एकदा जागा दिसली. बोट पोचेपर्यंत गेली.

"अगं, किती घासशील?" बाजूच्या खुर्चीवरची लुपे म्हणाली. ती बिलं बघायची. "काचेला भोक पडेल. झालंय काय?"

व्हर्नानं सांगितलं. लुपेनं हातातला हिशेब संपेपर्यंत ऐकलं, मग चष्मा कपाळावर सरकवला.

"म्हणजे एक जागा आहे. रद्द झालेली गेली. मग रडतेस कशाला? कोण बाहेर राहणार एवढंच ठरवायचं. आमच्या घरी लग्नात खुर्च्या कमी पडल्या की आम्ही हेच करतो."

"कोणाला उठवता?"

"ज्यानं खुर्ची मोडली त्याला."

दुपारच्या सुट्टीत व्हर्ना गाडीत जाऊन बसली, एसी लावला आणि गॅरेटला फोन केला. एक जागा गेली म्हणाली. कशी गेली तेही सांगितलं. खोटं बोलायला तिनं तोंड उघडलं होतं, पण तिला चांगलं खोटं सुचलं नाही.

पलीकडं एक दार लोटल्याचा आवाज आला.

"मग झालं तर," गॅरेट म्हणाला.

"नाही झालं. उरलेली जागा तुमची. पण ती माझ्या नावावर आहे, म्हणजे मी तिथं असायला हवं. मी तुमच्या गाडीतून येते. तुमच्या तंबूच्या दाराशी पडेन, घोरत नाही."

"आणि बाबा?"

"बाबा फाटकाजवळच्या गावात, मोआबमध्ये, मोटेलात राहतील. भेटायचं असेल तर सकाळी फाटकावरच्या रांगेत लागतील. जगासारखे."

"ते त्या रांगेत लागणार? आई, तूच सांग."

"मला काय माहीत. मी जागांचं बघते, माणसांचं नाही."

गॅरेट हसला नाही. "हेझेल आठ वर्षांची झाली," तो म्हणाला. "अजून सिग्नलला गाडी थांबली की मागून विचारते, एसी चालू आहे ना? दर सिग्नलला. मला त्यांच्याकडून माफीबिफी नको. इंजिन उकळलं असतं, हे एवढं एकदा बंद करा म्हणावं. ते ऐकून परत यायचं असेल तर मी तीन तास गाडी चालवणार नाही."

"म्हणजे येणार की नाही?"

"शनिवारी रात्री सांगतो. तोपर्यंत बघ काय होतंय ते."

घरी येऊन तिनं ऑरिनला उभ्या उभ्याच सगळं सांगितलं: जागा गॅरेटची, मी त्याच्या गाडीतून जाणार, तू मोटेलात आणि रांगेत. हेझेल सिग्नलला काय विचारते तेही सांगितलं. आपल्यालाच बाहेर काढलं म्हणून ऑरिन चिडेल अशी तिची तयारी होती. तो चिडला नाही. "त्या रांगेत माझा पिकअप?" एवढंच म्हणाला, आणि टीव्ही लावला. दोन दिवस घरात फक्त टीव्ही बोलला.

शनिवारी दुपारी ती बर्फपेट्या आणि पाण्याचे कॅन घेऊन दुकानातून परतली. अंगणात ऊन नुसतं उभं होतं. पानाला हालचाल नव्हती. पिकअप सावलीत असतो, तो आज उन्हाच्या मधोमध आणलेला. इंजिन चालू. काचा वर. आत ऑरिन, दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर, जसा रांगेत बसलाय.

काच ठोकायला ती धावली, तेवढ्यात त्यानंच पलीकडून दार उघडलं.

"बस. दार लाव, थंड हवा जाते."

ती बसली. आत थंडी होती. तिच्या मानेवरचा घाम गार पडला.

"किती वेळ बसलायस?"

"तू गेल्यापासून."

ती दुपारच्या जेवणानंतर लगेच निघाली होती. दुकानात बर्फाची रांग होती, पेट्रोलची रांग होती, वर लुपेची बहीण भेटली होती.

"एसी?"

"पूर्ण."

त्यानं बोट दाखवलं. तापमानाची सुई मधोमध होती. तिनं पाहिलं, तो पाहत होता म्हणून आणखी पाहिलं. सुई हालली नाही. पुढं पंखा घरघरला, थांबला, परत घरघरला, आणि सुई तिथंच.

"नवीन रेडिएटर टाकलास?"

"तोच आहे." सुईवरची नजर न काढता म्हणाला, "पंखाही तोच. काही बदललं नाही. मुद्दाम काही बदललं नाही."

चार वर्षांत तिनं या कबुलीची वाट किती प्रकारांनी पाहिली होती. ती मिळाली तर त्याला काय काय सुनावायचं ते तोंडपाठ होतं. त्यातलं एकही आता कामाचं उरलं नव्हतं.

"सबंध आयुष्य मी हे करून बघितलं नाही, व्हर्ना," ऑरिन म्हणाला. "बाप म्हणाला उकळतं. मी म्हणालो उकळतं. बटण माझ्या हाताशी होतं." त्यानं एसीच्या बटणावर बोट ठेवलं, परत काढलं. "ती मागच्या सीटवर होती ना? खिडकीजवळ?"

"मधे होती. खिडकीजवळ सामान होतं."

त्यानं आरशात मागची सीट पाहिली. तिथं जुनी घडी घातलेली चादर होती, बाकी काही नाही.

व्हर्नानं पर्स उघडली, फोनवर गॅरेटचं नाव काढलं आणि फोन त्याच्यापुढं डॅशबोर्डवर ठेवला.

"मला नको सांगूस," ती म्हणाली. "मला पूर्वीच माहीत होतं."

"काय म्हणू?"

"सुई कुठं आहे ते सांग."

ती उतरली. बर्फ वितळायला लागला होता. पेट्या ओढत ती दारापर्यंत गेली आणि तिथं थांबली. गाडीच्या काचेत आकाश चकाकत होतं, आतलं काही दिसत नव्हतं. त्यानं फोन उचलला की नाही कळेना. ती उन्हातच उभी राहिली. इंजिन एका सुरात चालू होतं, आणि अजून कोणी ते बंद केलं नव्हतं.